तुलूझ-लोत्रेकने ज्यू लोकांवरच्या पुस्तकासाठी केलेली लिथोग्राफ्स, ही चित्रं कशी बघायची?

चित्रवेडी_सांगली

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या. आमचा चित्र बघणाऱ्यांचा एक छोटा गट आहे, सध्या आम्ही छापचित्रं बघतोय, त्यात फ्रेंच लिथोग्राफी (दगडावर काढून छापलेली चित्रं) आली आणि अर्थातच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेक आला. आता लोत्रेक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं, मूलां रूज या पॅरिसच्या नाचघराचं पोस्टर, नाचणाऱ्या बायका, पिवळा-काळा-लाल असे सपाट रंग. पण एका परदेशी संग्रहालयाच्या साईटवर शोधताना त्याचंच एक अगदी वेगळं काम सापडलं, छोटं, बिनरंगी, नुसत्या क्रेयॉनच्या काळ्या-करड्या रेघा, आणि विषय काय तर पोलिश ज्यूंची प्रार्थना. खाली लिहिलंय की हे 1898 च्या एका पुस्तकातलं आहे, पुस्तकाचं नाव 'सिनायच्या पायथ्याशी' अशा अर्थाचं आणि लेखक जॉर्ज क्लेमांसो. म्हणजे हा तोच का, पहिल्या महायुद्धातला फ्रान्सचा पंतप्रधान?

खरा प्रश्न पुढे आहे. या मालिकेतली बाकीची चित्रं बघितली तर गटात सरळ दोन तट पडले. काही जण म्हणतात की यात ज्यू माणसांची नाकं, दाढ्या, खांद्यातला बाक सगळं मुद्दाम वाढवून दाखवलंय, म्हणजे हे द्वेषाचंच चित्र, फक्त मोठ्या कलाकाराने काढलंय म्हणून आपण माना डोलावतोय. बाकीचे म्हणतात लोत्रेक सगळ्यांनाच असं काढायचा. मला स्वतःला ती प्रार्थनेची माणसं बघून वाईट अजिबात वाटलं नाही, उलट थांबून बघत राहावंसं वाटलं, पण मग त्याच मालिकेतला एक श्रीमंत बॅरन बघितला आणि पोटात जरा कसंतरी झालं. ज्यांना या पुस्तकाबद्दल माहिती आहे त्यांनी लिहा ना.

आणि एक छोटा प्रश्न, गटातल्या एका काकांना यातलंच एक सुटं पान कोणीतरी विकत देऊ करतंय. पुस्तकातलं सुटं पान असं बाजारात असू शकतं का, आणि खरं-खोटं कळतं कसं?

जुनी_पानं

ताई, छान विषय काढलात. हो, क्लेमांसो तोच. 1906 मध्ये पहिल्यांदा आणि मग 1917 ते 1920 पंतप्रधान असलेला. पण 1898 मधला क्लेमांसो सत्तेत नाही, निवडणूक हरलेला आहे आणि लिहून पोट भरतोय, पत्रकार आहे. ही कथा-वर्णनं त्याने त्या काळात लिहिली. तो उपचारासाठी कार्ल्सबादच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायचा, तिथे मध्य आणि पूर्व युरोपातले ज्यू लोक त्याला भेटले, आणि मग तो पार गालिसियातल्या बुस्क नावाच्या गावापर्यंत आपल्याला नेतो. गालिसिया म्हणजे तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्याचा पूर्वेकडचा गरीब तुकडा, आज बुस्क युक्रेनमध्ये आहे, ल्विव्हच्या जवळ.

पुस्तक पॅरिसच्या आंरी फ्लूरी या प्रकाशकाने काढलं, फक्त 380 प्रती. हे सर्वसामान्य वाचकासाठी नव्हतंच, चांगला कागद, मूळ लिथोग्राफ्स, संग्राहकांसाठी केलेलं पुस्तक. आत लोत्रेकची दहा चित्रं आणि शिवाय कव्हरही त्याचंच. तुमच्या त्या बॅरनचं नाव बॅरन मोईझ, एका चित्रात तो थिएटरच्या बॉक्समध्ये बसलाय आणि दुसऱ्यात तोच भिकारी झालाय, ही दोन्ही एकत्र ठेवून बघा कारण एकट्या पहिल्यावरून मत बनवणं त्या चित्रावर अन्याय आहे. मग श्लोमे फुस नावाच्या गरीब माणसाची गोष्ट आहे, तो सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, उभा आहे असं एक चित्र आहे. आज पोलंडमध्ये असलेल्या क्राकूवच्या कापडबाजारातले व्यापारी आहेत, बुस्कची दफनभूमी आहे, आणि एका चित्रात स्वतः क्लेमांसो आहे, मायर नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरसोबत.

आता तारीख बघा. पुस्तकावर 1898 आहे. 13 जानेवारी 1898 ला पॅरिसच्या 'लोरोर' या दैनिकात एमिल झोलाचं ते प्रसिद्ध उघडं पत्र छापून आलं, ज्यू लष्करी अधिकारी आल्फ्रेड ड्रेफसला खोट्या पुराव्यावर देशद्रोही ठरवलं म्हणून सरकारवर आणि लष्करावर थेट आरोप करणारं. त्या दैनिकात क्लेमांसो होता आणि 'मी आरोप करतो' हा मथळा त्याने दिला. त्या दिवशी त्या अंकाच्या सुमारे 3 लाख प्रती गेल्या. म्हणजे एकाच माणसाचा हात एकाच सुमाराला 380 प्रतींच्या देखण्या पुस्तकात आहे आणि 3 लाख प्रतींच्या पेपरातही आहे, मला हे नेहमी फार विलक्षण वाटतं. आणि तरी हेही सांगायला हवं की 1894 मध्ये ड्रेफसला शिक्षा झाली तेव्हा हाच क्लेमांसो तो दोषी आहे असं धरून चालला होता, 1897 च्या शेवटी शेवटी त्याचं मत फिरलं. या पुस्तकातला मजकूर त्या फिरण्याच्या आधीचा आणि आसपासचा आहे. म्हणून त्यात माणुसकी आहे आणि ठोकळेबाज वर्णनंही आहेत, श्रीमंत ज्यू म्हणजे पैसा, गरीब ज्यू म्हणजे घाण आणि दैन्य, असं बरंच. तुमच्या गटात दोन तट पडले कारण पुस्तकातच दोन तट आहेत.

दगड_आणि_शाई

मी छापचित्रं करतो, त्यामुळे मी हाताने काय केलंय त्याबद्दल बोलतो.

आपल्याकडे लिथोला जुनी माणसं शिळाछाप म्हणायची, पोथ्या पंचांगं सगळी शिळाप्रेसवर निघायची. दगड बवेरियातल्या सोल्नहोफेनचा चुनखडी, एकदम बारीक पोताचा. त्यावर तेलकट क्रेयॉनने किंवा शाईने काढायचं, मग गोंदाचं पाणी आणि थोडं आम्ल लावून दगडावरची रेघ पक्की करायची, मग ओला केला की कोऱ्या जागी पाणी धरतं आणि तेलकट रेघ पाणी झटकते, रोलरने शाई फिरवली की शाई फक्त रेघेवर बसते. बस, एवढंच तत्त्व. सेनेफेल्डरने 1790 च्या दशकात शोधलेलं. यात कोरणं नाही, खरवडणं नाही, म्हणून चित्रकाराचा हात जसा फिरला तसाच्या तसा कागदावर उतरतो, कुठे दाबला, कुठे उचलला, सगळं दिसतं. फक्त दगडावर थेट काढलं तर छापताना डावं-उजवं उलटतं, त्यामुळे बरेच जण ट्रान्सफर पेपरवर काढून दगडावर उतरवायचे.

पोस्टरमधला लोत्रेक लांबून ओळखता यावा म्हणून काम करतो, सपाट रंग, जाड बाह्यरेषा, टूथब्रशने उडवलेले शाईचे शिंतोडे. इथे पान हातात धरून वाचायचंय, चित्र साधारण 17-18 सेंटीमीटर उंच, म्हणून तो सगळं सोडून देतो आणि नुसत्या क्रेयॉनवर येतो. मोठं करून बघा, कोटांचा काळा कसा केलाय, एका दिशेने क्रेयॉन आडवा घासलाय आणि दगडाचा रवा मधून मधून पांढरा दिसत राहतो. चेहऱ्यांवर मात्र टोकदार क्रेयॉन, मोजक्या रेघा. मला तरी यात हेटाळणी दिसत नाही, माणूस समोर बसवून बघितल्याशिवाय अशी रेघ येत नाही. पॅरिसच्या मारे भागात तूर्नेल रस्त्याच्या आसपास रशिया-पोलंडकडून आलेल्या गरीब ज्यूंची वस्ती होती, 1881 नंतर रशियात दंगली सुरू झाल्या तशी ती वाढत गेली, तिथे जाऊन त्याने माणसं बघितली, रेखाटली. बुस्कला तो गेला नव्हता, बुस्कची माणसं त्याला पॅरिसमध्येच मिळाली.

सुट्या पानाबद्दल: हो, असू शकतं. अशी पुस्तकं फोडून पानं वेगळी विकायची वाईट खोड बाजाराला आहे, शिवाय या पुस्तकाच्या प्रतींबरोबर चित्रांचे जादा संचही वेगळ्या कागदावर दिलेले होते, तेही सुटे फिरतात. काकांना सांगा दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि करड्या भागात बघा. खऱ्या लिथोत रवा अनियमित असतो, दगडाचा पोत. ओळीत बसलेले एकसारखे ठिपके दिसले तर ते फोटोवरून छापलेलं आहे, मग कागद कितीही जुना पिवळा असो. आणि कडेला दाबाची चौकट दिसायला हवी असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ती धातूच्या प्लेटवरच्या एचिंगला येते, लिथोला नाही. काही खऱ्या पुस्तकातल्या चित्रांच्या नंतर छापलेल्या नकलाही बाजारात आहेत, म्हणून कॅटलॉगमधलं माप, कागद आणि पानाच्या मागची बाजू ताडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिरकस_रेघ

लोत्रेकच्या बाजूने दोन शब्द. हा माणूस कोणालाच गोड काढत नाही. इवेत गिल्बेर ही गायिका, त्याची मैत्रीण, तिची 1894 च्या अल्बमातली चित्रं बघा, लांब मान, टोकदार नाक, तोंड उघडलेलं, बिचारीच्या आईला ती चित्रं बघून राग आला असणार. स्वतःलाही तो तसाच काढायचा. स्वतः दीड मीटरच्या थोडा वर, लहानपणी दोन्ही मांड्यांची हाडं मोडलेली, पाय वाढलेच नाहीत, खानदानी घराण्यातला मुलगा आणि रस्त्यावर लोक वळून बघतात. नजरा झेलत वाढलेला माणूस होता तो. शिवाय त्याचे जवळचे मित्र कोण, तर नातांसों बंधू, 'रव्यू ब्लांश' मासिकाचे मालक, पोलंडहून आलेलं ज्यू घराणं. 1895 मध्ये त्या मासिकाचं पोस्टर त्याने केलं त्यात थादे नातांसोंची बायको मिसिया आहे. त्यांच्या घरी तो दिवसेंदिवस राहायचा. अशा माणसावर द्वेषाचा शिक्का मारताना आपण जरा थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं.

रेवदंडा_किनारा

मी स्वतः बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, माहेर अलिबागकडचं, आता ठाण्यात. चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मित्र कोण होते यावरून चित्र ठरत नाही, दादा. चित्र कुठल्या हवेत बाहेर पडलं त्यावरूनही ठरतं. 1886 मध्ये एदुआर द्रुमों नावाच्या माणसाने फ्रान्समधल्या ज्यूंविरुद्ध दोन जाड खंड लिहिले, ते धडाधड खपले, 1892 पासून तो पेपरच चालवत होता, त्यात नाकं, दाढ्या, पैशाच्या थैल्या रोजच्या रोज. 1898 मध्ये फोरां आणि कारां दाश या दोन नावाजलेल्या चित्रकारांनी तर ड्रेफसविरोधी चित्रांचं साप्ताहिकच काढलं. देगा, रेनुआर सारखे मोठे चित्रकार ड्रेफसच्या विरोधात होते, देगाने चित्रकार पिसारोशी बोलणं टाकलं कारण पिसारो ज्यू. अशा गावात कोणी इवेत गिल्बेरचं नाक लांब काढलं तर तिचं काही बिघडत नाही, तिकिटं उलट जास्त खपतात. तूर्नेल रस्त्यावरच्या शिंप्याचं नाक लांब काढलं तर त्याला उद्या रस्त्यावर चालायचं असतं. रेघ तीच, पण दोघांवर तिचं वजन वेगळं पडतं. लोत्रेकच्या मनात वाईट नसेलही, मला प्रार्थनेचं चित्र आवडतं, खरंच आवडतं. पण बॅरनच्या चित्राने ज्या कोणाच्या पोटात कसंतरी झालं त्यांना मी सांगेन की ती भावना दाबू नका, ती बरोबर आहे.

दुसरं. त्याच काळात ज्यूंनी स्वतःची चित्रं स्वतः काढलेली आहेत, ती कोणी शेजारी ठेवून बघत नाही. आणि त्यातली एक आपल्या पुण्याची आहे! पेसाह या सणाच्या रात्री घरात जी पोथी वाचतात, इजिप्तमधून सुटकेची, ती हग्गादा. आमच्या समाजासाठी हिब्रूसोबत मराठी भाषांतर असलेली हग्गादा पहिल्यांदा 1846 मध्ये मुंबईत निघाली, तीही शिळाछापच. मग 1874 मध्ये पुण्यात एक निघाली, तिच्यात चित्रं आहेत. बिनखमिराच्या भाकरी करायच्या सगळ्या पायऱ्या त्यात दाखवल्यात आणि काम करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या, जमिनीवर बसलेल्या, अगदी आमच्या आज्या-पणज्या. त्या चित्रांत कोणाचं नाक बघावं असं डोळ्याला सुचतच नाही, कारण काढणाऱ्याला नाक दाखवायचं नव्हतं, त्याला काम दाखवायचं होतं, कणीक, लाटणं, शेगडी. चित्रकार म्हणून तो लोत्रेकच्या पासंगालाही पुरणार नाही हे मला कळतं. पण बघणारा घरातला आहे.

आणि क्लेमांसो बुस्कच्या ज्यूंवर लिहीत होता त्याच सुमाराला, 1897 मध्ये, आपल्याकडे हाईम सॅम्युएल केहिमकर बेने इस्राएलांचा इतिहास लिहून बसले होते, कोकणातला तेलाचा धंदा, शनवारी घाणा बंद म्हणून पडलेलं शनवार तेली हे नाव, सण, लग्नं, सगळं. तो ग्रंथ छापून यायला 1937 उजाडलं. बाहेरच्याचं पुस्तक लगेच उत्तम कागदावर निघतं आणि घरातल्याचं चाळीस वर्षं थांबतं, याचं मला फार वाईट वाटतं.

जुनी_पानं

रेवदंडा ताई, हे शेजारी ठेवून बघण्याचं फारच पटलं. मग फ्रान्समधलंच आणखी एक उदाहरण देतो. आल्फोंस लेव्ही. 1843 मध्ये पूर्व फ्रान्सच्या अल्सास भागातल्या मारमूतिए गावात जन्मलेला ज्यू चित्रकार, पॅरिसला शिकला, आणि अल्सासच्या खेड्यातल्या ज्यू घरांची चित्रं काढली, त्यात लिथोग्राफ्स भरपूर. 1886 मध्ये लेओं काहुन या लेखकाचं 'ज्यू जीवन' याच नावाचं पुस्तक आलं, त्याला प्रस्तावना पॅरिसचे मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) झादोक कान यांची आणि चित्रं लेव्हीची. वर्ष बघितलंत? 1886, द्रुमोंचं विषारी पुस्तक आलं तेच वर्ष. एकाच शहरात, एकाच वर्षी, एकीकडे 'ज्यू फ्रान्स' म्हणून भीती घालणारं आणि दुसरीकडे आजी-आजोबा, शाब्बाथची (शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाची) तयारी, पोरांना शिकवणारा गुरुजी.

आणि गंमत अशी नाही तर विचार करायला लावणारी गोष्ट ही, की लेव्हीच्या चित्रांतही नाकं मोठी आहेत, चेहरे सुरकुतलेले, कधी विनोदी. घरातला माणूसही असं काढतो. त्यामुळे नुसतं नाक मोजून निकाल लावता येणार नाही. लेव्हीची म्हातारी काहीतरी करत असते, तिच्याभोवती घर असतं, भांडी असतात, नातवंडं असतात. लोत्रेकच्या पुस्तकात बऱ्याचदा नुसती माणसं असतात आणि भोवती कोरा कागद. ती कोणाची कोण, जेवतात कुठे, हसतात कशाला, ते आपल्याला कळत नाही. मला वाटतं तुमच्या गटाने नाकाऐवजी हे बघावं.

लोत्रेकच्या बाजूने बोलणाऱ्या दादांसाठी एक माहिती. 1892 मध्ये त्याने व्हिक्टर जोझ नावाच्या लेखकाच्या कादंबरीचं पोस्टर केलं होतं, 'आनंदाची राणी', त्यात एक टकला गलेलठ्ठ म्हातारा सावकार आणि त्याच्या नाकाचं चुंबन घेणारी तरुणी. कादंबरीतला तो सावकार ज्यू बॅरन आहे. म्हणजे बॅरन मोईझच्या आधी सहा वर्षं तो हाच साचा वापरून बसलाय आणि तोही भिंतीवर लावायच्या पोस्टरवर. मोईझच्या बाबतीत निदान त्याने पुढचं पान काढलं, श्रीमंत माणूस हात पसरून उभा. पोस्टरला पुढचं पान नव्हतं.

तिरकस_रेघ

पोस्टर मी बघितलं होतं पण सावकार ज्यू आहे हा संदर्भ मला नवीन आहे. तरी माझं मत पूर्ण बदलत नाही. मोईझचं चित्र कमजोर आहे हे मान्य, ठरलेल्या साच्यातून आलेलं. पण श्लोमे फुस आणि प्रार्थना या चित्रांत साचा संपतो, तिथे त्याने कष्ट घेतलेत. एका पुस्तकात एकाच हाताची दोन प्रकारची चित्रं असू शकतात आणि प्रत्येकाला वेगळा न्याय द्यायला हवा, सगळ्या मालिकेवर एकच शिक्का नको.

चित्रवेडी_सांगली

खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रविवारी आम्ही पडद्यावर एकत्र लावतोय, बॅरनची दोन्ही चित्रं, प्रार्थना, लेव्हीची एखादी शाब्बाथची म्हातारी आणि पुण्याच्या हग्गादातलं भाकरीचं पान. रेवदंडा ताई, ते पान बघायला कुठे मिळेल? आणि तुमच्या मते या मालिकेतलं कुठलं एक चित्र आम्ही चुकवू नये?

रेवदंडा_किनारा

पुण्याच्या हग्गादाची प्रतिमुद्रा नंतर निघालेली आहे, परदेशी ग्रंथालयांनी पानं स्कॅन करून ठेवलीत, 'पूना हग्गादा 1874' असं टाकून शोधा, चित्राचं पान लगेच येतं. तुमच्या ओळखीत कोणी बेने इस्राएल घर असेल तर त्यांनाही विचारा, जुन्या हग्गादा बऱ्याच जणांनी जपून ठेवल्यात, पण पेसाहच्या दिवसांत मागू नका, तेव्हा वापरात असतात.

न चुकवण्याचं चित्र म्हणाल तर बुस्कची दफनभूमी. ती दफनभूमी खरी आहे, तिथला एक दगड 1520 चा आहे, त्या भागातल्या सगळ्यात जुन्या ज्यू दगडांपैकी एक. लोत्रेकने काढलं तेव्हा गाव जिवंत होतं, बाजार भरत होता, लग्नं होत होती. 1943 मध्ये जर्मनांनी तिथल्या ज्यूंना मारून खड्ड्यांत पुरलं, त्या जागा 2006 मध्ये फ्रेंच धर्मगुरू पात्रिक देबुआ यांच्या लोकांनी उकरून नोंदवल्या. क्लेमांसो आणि लोत्रेक दोघांनाही यातलं काही माहीत असणं शक्य नव्हतं, त्यामुळे चित्रात ते शोधू नका. पण आपल्याला माहीत आहे, आणि बुस्कच्या ज्यूंची त्या काळातली चित्रं फारशी उरलेली नाहीत. म्हणून मी या पुस्तकावर कितीही रागावले तरी ते नसतं तर बरं झालं असतं असं मला म्हणवत नाही.

दगड_आणि_शाई

चित्रवेडी ताई, पडद्यावर लावणार असाल तर छोटी फाईल घेऊ नका, क्रेयॉनचा रवा गेला की लोत्रेक गेला. मोठ्या संग्रहालयांच्या साईटवर मोठी फाईल फुकट उतरवता येते. आणि काकांच्या पानाचा करड्या भागाचा भिंगातून फोटो काढून इथे टाका, मागच्या बाजूचाही टाका, मग बघून सांगतो.